सागाच्या फळीवरचं पान

पुस्तक छापायचं मी ठरवलं तेव्हा ते लिहून झालेलं नव्हतं. इतवारीतल्या छापखान्याच्या मालकानं विचारलं, "किती लिहिलं?" मी म्हटलं, "रोज एक पान आणून देतो." शाळा चौथीतच सुटली होती, पण शब्द देताना मी कधी चाचरलो नाही.

तो हसला. "अक्षरांचे खिळे थोडे आहेत, भाऊ. तुमचं एक पान छापलं का तेच खिळे मोडून दुसरं जुळवाचं. ज्या संध्याकाळी पान नाही, तेव्हापासून खिळे लग्नपत्रिकेले. मंग तुमचं पुस्तक गेलं."

"मंजूर," मी म्हटलं.

लकडगंजात मी आरा मशिनीवर होतो. तिथं कागद टिकत नाही, हाताला सदा तेल आणि भुसा. म्हणून सकाळी मोटार सुरू व्हायच्या आधी एखाद्या फळीवर मापाच्या निळ्या पेन्सिलीनं लिहायचो आणि जेवणाच्या सुट्टीत हात धुऊन कागदावर उतरवायचो. लोक हसायचे. हसोत बापडे.

एक दिवस हात धुऊन आलो तर फळी जागेवर नाही.

"गांधीबागेच्या सुताराकडे गेली, दरवाज्याले," सेठ म्हणाला. "काहून?"

"लिहिलं होतं तिच्यावर."

"मंग दुसरीवर लिही गा. लाकडाची का कमी आहे आपल्याकडे?"

त्याला काय सांगणार? त्या फळीवर माझ्या आईचं मरण होतं. कोणाजवळ कधी बोललो नव्हतो ते.

सायकल काढली. गांधीबागेमागं सुताराच्या दुकानाशी पोचलो तर रंध्याचा आवाज बाहेरूनच आला. वरच्या अर्ध्या ओळी गेल्या होत्या. खाली निळसर छिलपे पडले होते.

"थांबा, मिस्त्री. ते माझं लिहिलेलं आहे."

"मले वाटलं हिसाब असन कोणाचा. मले वाचता येत नाही, भाऊ. काय लिहिलं?"

"माय मेली, ते."

त्यानं रंधा खाली ठेवला. बाहेर गिऱ्हाईक खोळंबलं होतं. त्याच्याशी जाऊन तो उगाच कडी-कोयंड्याच्या गोष्टी करत राहिला.

खालचं उतरवून घेतलं. वरचं तिथंच ठोकळ्यावर बसून पुन्हा लिहिलं. सकाळी सजवून लिहिलं होतं, आता तेवढा वेळ नव्हता. ती कोणतं लुगडं नेसली होती, चुलीवर काय होतं, एवढंच लिहिलं.

छापखान्यात मालकापुढं पत्रिकेचा मजकूर उघडलेला होता.

"उशीर केला, भाऊ."

"दिवस बुडाला नाही अजून."

त्यानं दाराबाहेर पाहिलं. कागद झटकला, उभ्यानंच वाचला. मग पत्रिका बाजूला सरकवून खिळे जुळवणाऱ्याला हाक मारली.

"अन् उद्या?"

"उद्याही आणतो."

उद्या काय लिहायचं ते मलाच ठाऊक नव्हतं. पण ते त्याला कशाला सांगू?