चमच्याची हाक

गल्लीच्या कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याला सगळे ‘रेडिओ’ म्हणत. गिऱ्हाइकाच्या गळ्यात कापड बांधलं की हा सुरू व्हायचा, तो मानेवरचे केस झटकेपर्यंत थांबायचा नाही. कुणाचं लग्न जमलं, कुणाचा पंप जळला, कोण कुणाशी बोलत नाही, सगळ्या बातम्या ताज्या. दाढी करताना गिऱ्हाइकाला तोंड उघडता येत नाही, त्यामुळे याचं आणखीनच फावायचं. मग त्याची बायको गेली आणि रेडिओ बंद पडला. नाव तेवढं राहिलं.

तो आता विचारायचा ते एवढंच: “मशीन मारू की कात्री?” पुढे नुसता कात्रीचा आवाज. जुनी गिऱ्हाइकं आरशातून त्याच्याकडे चोरून बघायची आणि उगाच खाकरायची. काही जण तर चक्क घाबरले होते. गप्प माणसाच्या हातात वस्तरा बरा दिसत नाही.

त्याला रडू आलं नव्हतं. तेव्हाही नाही, नंतरही नाही. दात काढताना हिरडी बधिर करतात ना, तसं झालं होतं. जीभ लावून बघावं तर जागा रिकामी आहे हे कळतं, दुखत मात्र काही नाही. दुखलं असतं तर बरं, असं त्याला अधूनमधून वाटायचं. मग तेही वाटेनासं झालं.

मुलगी दुसऱ्या गावात राहायची. दर रविवारी तिचा फोन यायचा. सलूनमध्ये कंगव्यांच्या शेजारी ठेवलेला फोन थरथरत आरशापर्यंत सरकायचा आणि तिथे थांबायचा. हा बघत राहायचा. नंतर कधीतरी ‘कामात होतो’ एवढा निरोप पाठवायचा.

बायकोचं एकच काम त्यानं चालू ठेवलं होतं, माशांचं. घरामागच्या अंगणात तिनं स्वतः खड्डा खणून, जाड प्लास्टिक अंथरून, कडेनं दगड लावून एक तळं केलं होतं. तळं कसलं, दोन खाटा मावतील एवढं डबकं. पण तिच्यासमोर डबकं म्हणायची कुणाची छाती नव्हती. त्यात केशरी मासे होते आणि एक पांढुरकी, पोट सुटलेली, सगळ्यांत जुनी मासोळी. ती बाकीच्यांना ढुशा देऊन रांगेत लावते म्हणून बायकोनं तिचं नाव ‘मास्तरीण’ ठेवलं होतं.

रोज सकाळी ती स्टीलचा चमचा कडेच्या दगडावर वाजवायची. टक, टक, टक. सगळे मासे तोंडं वासून वर. दाणे टाकून झाले की चहाचा कप घेऊन ती स्टुलावर बसून राहायची, मासे पोटभर खाऊन पुन्हा तळाशी जाईपर्यंत. आतून हा ओरडायचा, “आता अंगाई म्हण त्यांना! इथे नवरा उपाशी मेला तरी चालेल!” ती म्हणायची, “येते हो. तुम्ही काही पळून जात नाही, आणि गेलात तरी बडबडीवरून सापडाल.”

आता तो चमचा वाजवायचा, दाणे टाकायचा आणि लगेच कुलूप लावून सलून उघडायला जायचा. बसायचा नाही. ते स्टूल त्यानं माळ्यावर टाकलं होतं.

मासे कमी होताहेत हे त्याच्या लक्षात यायलाही बरेच दिवस गेले. एकदा दगडावर केशरी खवले चिकटलेले दिसले. मग चिखलात काटकुळ्या पायांचे, लांब बोटांचे ठसे. शेजारच्या दुकानातला घड्याळवाला सुट्टीच्या सकाळी येऊन कंबरेवर हात ठेवून बघून गेला आणि निकाल दिला, “बगळा! तुझ्याकडे खानावळ चालू आहे हे त्याला कळलंय.”

बातमी सलूनमध्ये पसरली आणि उंटावरचे शहाणे एकामागून एक खुर्चीत बसू लागले. एक म्हणाला, प्लास्टिकचा बगळा आणून ठेव, एका जागी दुसरा बगळा उतरत नाही. दुसरा म्हणाला, जुन्या सीड्या दोरीला टांग, चमकल्या की पळतो. तिसऱ्याचं म्हणणं, कुत्रा पाळ. यानं सगळ्यांना ‘हं’ म्हटलं आणि कुत्रा सोडून सगळं केलं. सीड्या टांगल्या. प्लास्टिकचा बगळा आणला; दुसऱ्या दिवशी खरा बगळा त्याच्या शेजारी पाहुण्यासारखा उभा. वरून नायलॉनची जाळी ताणली, तर बगळा जाळीवरच उतरला, त्याच्या वजनानं ती पाण्याला टेकली आणि त्यानं भोकातून चोच घातली. मास्तरीण अजून होती. तिच्या पाठीवर मात्र चोचीचा ओरखडा उठला होता.

तो ओरखडा त्यानं जाळीवरून वाकून नीट बघितला. ही गेली तर बायकोच्या हाताचं काहीच उरणार नाही, एवढंच त्याच्या मनात आलं.

सलूनच्या सुट्टीच्या दिवशी त्यानं नेहमीसारखा चमचा वाजवला, जाळीची कड उचलून दाणे टाकले आणि आत येऊन स्वयंपाकघराच्या खिडकीआड उभा राहिला. फार वाट बघावी लागली नाही. समोरच्या गच्चीवरच्या टाकीवर बगळा आधीच बसलेला होता, बकध्यान लावून. चमचा वाजताच त्याची मान लांब झाली होती. मागचं दार बंद झाल्याचा आवाज आला आणि तो सावकाश उतरला. मासे तेव्हाही वर तोंडं वासून होते.

हा धावला. बगळा उडाला. जाळीत एक शेपूट फडफडून थांबलं.

तेव्हा त्याला ते स्टूल आठवलं. ती चहा पीत बसायची, ते चैन म्हणून नव्हतं. ती राखण होती. एवढी वर्षं त्यानं थट्टा केली आणि तिनं कधी सांगितलं नाही. तिला सांगण्याजोगं वाटलंच नसेल. आणि हा जगभरच्या सीड्या टांगत बसला होता. रोग म्हशीला आणि इलाज पखालीला. रोज सकाळी बगळ्याला जेवायला बोलावणारा हाच होता.

उपाय सोपा होता. माळ्यावरचं स्टूल काढायचं आणि बसायचं. त्यानं काढलं, पुसलं, तळ्याशी ठेवलं. बसला. समोर तिची तुळतुळीत झालेली दगडाची कड, चमच्याच्या घावांनी एका जागी खोलगट झालेली. तो लगेच उठला. दुसऱ्या दिवशीही उठला. त्याला तिथे बसवेना. का बसवत नाही, हे त्यानं स्वतःला विचारलं नाही.

मग उरला दुसरा उपाय. माशांना वर यायचं विसरायला लावायचं.

त्यानं चमचा वाजवला. मासे आले, मास्तरीण सगळ्यांत पुढे. त्यानं झाडू उचलून पाण्यावर सपकन हाणला. मासे विखुरले. दुसऱ्या सकाळी पुन्हा चमचा, पुन्हा झाडू. मास्तरीण तरी यायचीच. तिचा जुना विश्वास होता. त्याला काहीच वाटलं नाही, आणि वाटत नाही याचीच त्याला जराशी भीती वाटली. हळूहळू केशरी मासे यायचे बंद झाले. शेवटी तीही थांबली. दाणे तो आता अंधार पडताना, आवाज न करता, रुंद पानांखाली टाकायचा. बगळा काही दिवस टाकीवर बसला, कंटाळला, निघून गेला. घड्याळवाल्यानं पाठ थोपटली, “जिंकलास रे, रेडिओ!” हा म्हणाला, “हं.”

आणि एका रविवारी फोन वाजलाच नाही. संध्याकाळी तो घरी आला, तर दाराशी मुलगीच उभी होती, हातात पिशवी.

“फोन उचलत नाही, म्हटलं तोंडच बघून यावं,” ती म्हणाली. चप्पल काढून ती थेट मागच्या अंगणात गेली. ती लहान असताना आईच्या मांडीवर बसून चमचा वाजवायची. खिडकीतला चमचा तिनं न शोधता उचलला.

“अगं, थांब,” तो म्हणाला. पण तोवर वाजलं. टक, टक, टक.

पाणी हललं नाही. तिनं पुन्हा वाजवलं, जरा जोरात. मग वाकून पाण्यात बघत राहिली. तिचा आवाज बारीक झाला. “बाबा, सगळे गेले?”

“नाही गं. आहेत. खाली आहेत. मास्तरीण पण आहे.”

“मग येत का नाहीत?”

त्यानं सांगितलं. बगळ्याचं, जाळीचं, झाडूचं. इतक्या महिन्यांत तो एका दमात एवढं पहिल्यांदाच बोलला. “जीव वाचला त्यांचा,” शेवटी म्हणाला. “हाक मारली की वर यायचं नाही, एवढंच शिकवलं.”

मुलीनं चमचा हातात फिरवला. मग हळूच म्हणाली, “तुम्ही पण तेच शिकलात ना, बाबा? मी दर रविवारी वाजवत बसते.”

त्याच्या आतल्या त्या बधिर जागेतून कळ आली. खरोखरची कळ, पार कानापर्यंत, आणि त्याला बसावंसं वाटलं. भिंतीशी ठेवलेलं ते स्टूल त्यानं ओढलं आणि बसला. मुलगी शेजारी दगडावर टेकली. तिनं मूठभर दाणे पाण्यावर टाकले, चमचा न वाजवता, आणि दोघं वाट बघत बसले. बऱ्याच वेळानं पानांखालून मास्तरीण अर्धी बाहेर आली, त्या दोघांकडे बघून थबकली आणि पुन्हा आत गेली.

“घाबरते मला,” तो म्हणाला, आणि रडू लागला.