कातकरणीचे केस

रानभाजी विकायला आलेली कातकरीण माझ्या ओट्यावर टेकली होती. तेवढ्यात शेजारच्या काकू अंगणात नातीवर ओरडल्या, "काय गं हे केस! अगदी कातकरणीसारखे!"

ओट्यावरच्या बाईनं मान वळवली नाही. हात मात्र डोक्याकडे गेला. चापूनचोपून बांधलेला अंबाडा, त्यात तेरड्याचं फूल. ते तिनं जरा आत खोचलं आणि म्हणाली, "कंटोली ताजी हायत, बाई. सकाळीच काढलीत."

काकूंचा राग यायला हवा होता. पण येणार कुठल्या तोंडानं? हे असं का म्हणतात, ते शाळेत शिकवताना वर्गात मीच सांगायचे. "ते लोक रानात राहतात, त्यांना कुठली तेलफणी!" त्यांच्या वाडीवर मी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. खैराच्या झाडापासून कात काढणारे म्हणून कातकरी. कष्टाचं ते नाव आपण हिणवायला वापरतो, हे सांगायचं मला सुचलंच नाही.

एका वर्षी माझ्या वर्गात त्या वाडीवरच्या दोघी मुली होत्या. तेल लावून घट्ट वेण्या, लाल रिबिनी. मी सांगितलेला अर्थ त्यांनी मान खाली घालून वहीत उतरवून घेतला. वह्या तपासताना त्यावर बरोबरची खूणही मीच केली.