एक जानेवारीची बोंडअळी

"महागावातून या महिन्यात कपाशीच्या बोंडअळीचा एकही फोटो नाही. म्हणजे तिकडे ठीक आहे. फवारणीची जीप उमरखेडला जाईल," राऊत सरांनी सांगून टाकलं.

सर आमच्या पुसदच्या शेती माहिती केंद्रातले कीडतज्ज्ञ. मी कॅटलॉगर. गावोगावचे पिकांचे फोटो यायचे, त्यांचा मेटाडेटा मी बघायची. मेटाडेटा म्हणजे फाइलची ओळख. कशाचा फोटो, कुठला, कोणी काढला, कधी काढला. हे रकाने सगळीकडे एकच असलेल्या स्टँडर्डने ठरवून दिलेले असतात, म्हणजे कोणीही शोधलं तरी फाइल सापडावी. 'कधी' हा रकाना सॉफ्टवेअर कॅमेऱ्यातून आपोआप उचलायचं.

तेवढ्यात महागावच्या शोभाताई आल्या. "मॅडम, तुमचे सलीमभाई माह्या पऱ्हाटीचे फोटो काढून घेऊन गेले. अजून कोणी काहून नाही आलं? अळी बोंडं पोखरून राह्यली ना!"

"ताई, सिस्टिममध्ये महागाव निल आहे," सर म्हणाले.

"मंग मी काय खोटं बोलून राह्यली?"

बाई अशी तडकली की मी पुन्हा शोधायला बसले. शोधातून या महिन्याच्या तारखेची अट काढून टाकली आणि नुसतं 'महागाव, बोंडअळी' शोधलं. फोटो धडाधड उघडले. सगळ्यांवर तारीख एक जानेवारी. दसरा तोंडावर आलेला, फोटोत बोंडं हिरवीगार, अन् म्हणे जानेवारी!

मी आमच्या फोटोग्राफरला, सलीमभाईंना फोन लावला. "कॅमेऱ्यात तारीख टाकता की नाही?"

"टाकली होती ना मॅडम. पण संध्याकाळी लाईन जाते. मंग सेल काढून टॉर्चमधी टाकतो. सकाळी परत कॅमेऱ्यात."

सेल निघाले की तो कॅमेरा तारीख विसरायचा आणि एक जानेवारीपासून सुरू व्हायचा. उमरखेडचा कॅमेरा चार्जिंगचा, म्हणून तिथलेच फोटो दिसत होते. मला राग आला, पण कोणावर काढणार? लोडशेडिंगमध्ये मीसुद्धा भिंतीवरच्या घड्याळाचे सेल रेडिओत घालायची.

जीप त्याच दुपारी महागावला गेली. सरांनी उभं राहून फवारणी करून घेतली. झाडांची वरची बोंडं वाचली.

"हप्ताभर आधी आले असते तं खालचीही वाचली असती," शोभाताई म्हणाल्या.

तेव्हापासून केंद्रात नियम झाला. तारीख फोटो काढणाऱ्याला विचारायची, आठवत नसेल तर रकाना रिकामा ठेवायचा आणि असे फोटो वेगळे काढून बघायचे. साधा नियम. आम्हाला तो शोभाताईंच्या बोंडांवर शिकावा लागला.