उबळकाकूंचा खरा खोकला

आमच्या कार्यालयात नवा माणूस आला की पहिल्या दिवशी हमखास दचकायचा. कोपऱ्यातल्या टेबलाशी पन्नाशी उलटलेली, चष्मा कपाळावर चढवलेली एक बाई फोन कानाला लावून लागोपाठ खोकायची. खोकता खोकता तिचा श्वास संपायचा, मग 'हूऽप' असा लांब आवाज करत ती हवा आत ओढायची आणि दुसऱ्याच क्षणी अगदी शांतपणे विचारायची, "असा खोकतो का तुमचा मुलगा? की नुसता कोरडा, ठसक्यासारखा?" आणि तोही खोकून दाखवायची. नवा माणूस पाण्याचा पेला घेऊन धावायचा, आम्ही हसायचो. या आमच्या उबळकाकू.

आमचं काम डांग्या खोकल्याचा माग काढायचं. विभागातले सगळे दवाखाने आणि प्रयोगशाळा आम्हाला रुग्ण कळवतात. मग प्रत्येक घरी फोन जातो: खोकला कधी सुरू झाला, घरात आणखी कोण खोकतंय, तान्हं मूल आहे का, कुणी गरोदर आहे का. मी भिंतीवरच्या नकाशावर टाचण्या लावते आणि त्या कुठे दाटतायत ते साहेबांना सांगते. संगणकातही नकाशा आहे, पण साहेबांना भिंतीवरचाच लागतो. त्याच्यासमोर हात मागे बांधून उभं राहिलं की विचार केल्यासारखं वाटतं, असं माझं मत आहे.

फोनचं काम काकूंचं. वाटतं तेवढं ते सोपं नाही. खोकला कसा आहे असं विचारलं की लोक सांगतात, "खोकल्यासारखा." पुढे काही सुचतच नाही त्यांना. म्हणून काकूंनी नकला सुरू केल्या. शाळकरी मुलाचा वेगळा, सिगारेट ओढणाऱ्या आजोबांचा वेगळा, धडधाकट माणसाचा वेगळा. या धडधाकट लोकांवर त्यांचा विशेष राग. मोठ्या माणसाला हा आजार झाला तर बरेचदा हूप वगैरे काही येत नाही, नुसता चिवट खोकला राहतो. तो माणूस 'घसा धरलाय' म्हणत सगळीकडे फिरतो आणि कुणाच्या तरी तान्ह्या बाळाला उचलून घेतो. बाळाला तर धड खोकताही येत नाही. त्याचा श्वासच अडतो.

"सगळ्यांचा घसाच धरलेला असतो मेला," काकू फोन ठेवून म्हणायच्या. "आणि दिवस विचारले की दोन-तीन. तू आपली दुप्पट धरत जा."

काकूंना एकच मुलगी. लग्नाला बरीच वर्षं होऊनही तिच्या घरी पाळणा हलला नव्हता, आणि काकूंनी त्याबद्दल कुणाला चकार शब्द विचारू दिला नव्हता. मग एकदाची गोड बातमी आली. नात जन्मली ती थोडी आधीच, त्यामुळे गरोदरपणात आईला द्यायची खोकल्याची लस राहूनच गेली. काकू त्या दिवशी जाऊन नातीला पाहून आल्या आणि आल्या आल्या तिच्या नाकाचं वर्णन त्यांनी साहेबांनाही ऐकवलं. मुलीला सासू नाही. जावयाची रजा संपत होती. ती संपली की काकूंनी जायचं, चांगले दोन महिने राहायचं, असं ठरलं होतं. कपड्यांची बॅग दोन दिवस आधीच टेबलाखाली येऊन बसली होती. ती तिथे का, असं विचारलं तर म्हणाल्या, "घरी ठेवली तर तुझे काका त्यातून टॉवेल काढतात."

निघायच्या आदल्या दिवशी मी जेवून परत आले तेव्हा काकूंची नक्कल जोरात चालू होती. टेबल धरून, चेहरा लाल करून. मी चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवत म्हटलं, "वा! आज इतकं जीव ओतून कोणासाठी?"

काकूंनी हात हलवून मला थांब म्हटलं. तेव्हा माझं लक्ष फोनकडे गेलं. रिसीव्हर जागेवर होता.

खोलीत आम्ही सातजण. सगळे रोज खोकलाच मोजतो. आणि आमच्या मधोमध हे बाईमाणूस किती दिवस खोकत होतं ते आमच्यापैकी कुणालाही सांगता आलं नसतं. आम्हाला वाटत होतं काम चाललंय.

"काकू, हा खरा होता."

"छे गं. दिवसभर बोलून बोलून घसा धरलाय."

आपण काय बोललो ते त्यांच्या कानांनीच त्यांना ऐकवलं असावं. कपाळावरचा चष्मा त्यांनी खाली घेतला, डोळ्यांवर लावला आणि म्हणाल्या, "साहेबांना बोलव. आणि खिडकी उघड."

आमच्याकडे पद्धत अशी की ओळखीच्या माणसाची चौकशी आपण करायची नाही, कारण आपण त्याला सांभाळून घेतो. पण त्या खोलीत काकूंच्या ओळखीचं नाही असं होतंच कोण? साहेबांनी ते काम मला दिलं. "तू जरा तिखट आहेस," म्हणाले. आम्ही दोघी तोंडाला मास्क लावून उघड्या खिडकीशी समोरासमोर बसलो.

"खोकला कधीपासून?"

"झाले असतील दोन-तीन दिवस."

"दुप्पट धरू की तिप्पट?"

एरवी त्या हसल्या असत्या. "मागच्या पंधरवड्यात त्या वाडीवर गेले होते ना नर्सबरोबर, एकाच घरातली चार मुलं आजारी होती ती? तिथून आल्यावर आठवड्याभराने सुरू झाला बहुतेक. खरंच लक्ष दिलं नाही गं मी."

"नातीला बघायला गेलात तेव्हा होता?"

मला तो प्रश्न पुन्हा विचारावा लागला.

"होता," त्या म्हणाल्या.

"उचलून घेतलं होतं?"

"इतक्या वर्षांनी आलेली पोर. न घेता राहवणार होतं का?" मग हळूच म्हणाल्या, "गालाला गाल लावून बसले होते. बराच वेळ."

मी ते कागदावर तसंच लिहून घेतलं.

मुलीला फोनही मीच केला. आज आत्ता बाळाला घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा, औषध सुरू करतील, घरातल्या सगळ्यांनी घ्यायचं आहे, तीन आठवडे डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा, दूध पिताना किंवा झोपेत श्वास अडतोय, ओठ निळे पडतायत असं वाटलं तर तडक रुग्णालय गाठा. ती सगळं ऐकून घेत होती. शेवटी तिने विचारलं, "हे आईकडून आलंय?"

"असू शकतं. तपासणी व्हायची आहे."

"तिला सांगा, येऊ नकोस म्हणावं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

तपासणीत डांग्या खोकलाच निघाला. विभागाच्या नकाशावर मी आमच्याच इमारतीवर टाचणी टोचली. साहेबांसकट सगळ्यांनी निमूटपणे औषध घेतलं. काकूंच्या जागी काका मुलीकडे गेले. गॅस कुठून पेटवतात हे त्यांना तिथे गेल्यावर कळलं, असं काकू म्हणायच्या. पण ते कपडे धुवायला शिकले, आणि रात्री नात झोपली की तिच्या छातीकडे बघत बसायला त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

पाच दिवस औषध झालं की रोग दुसऱ्याला लागत नाही. खोकला मात्र पुढे कितीतरी आठवडे सोबत करतो. हे काकूंनी आजवर शेकडो घरांना समजावून सांगितलं होतं. सहाव्या दिवशी त्या कामावर आल्या, पण मुलीला यातलं एक अक्षर बोलल्या नाहीत. मुलगी रोज दुपारी फोन करायची. बाळ बरं आहे, दूध पितंय, वजन वाढतंय एवढं सांगायची आणि मग नुसती थांबायची. काकूंना कळायचं की ती ऐकतेय. उबळ आली की त्या रिसीव्हरवर हात दाबायच्या, पदर तोंडात कोंबायच्या, डोळ्यांतून पाणी यायचं, आणि मग बारीक आवाजात म्हणायच्या, "हो, बोल ना."

"अहो, सांगा की तिला," मी चिडून म्हटलं. "सगळ्या जगाला सांगता, आता लागत नाही म्हणून!"

"जगाला सांगणं सोपं असतं गं. तिला भीती माझीच वाटतेय. ती कशी घालवू?"

तीन आठवडे संपले. नातीला साधी शिंकही आली नाही, आणि आम्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मुलगी 'ये' म्हणाली नाही. काकूंनीही विचारलं नाही.

त्यानंतर दोन दिवसांनी दुपारी फोन वाजला. मुलगीच होती. बोलता बोलता काकूंना उबळ आली आणि त्यांचा हात सवयीने रिसीव्हरवर गेला. मग पलीकडून काहीतरी ऐकू आलं असावं, कारण तो हात तसाच अर्धवट थांबला. त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं आणि रिसीव्हर आमच्या दोघींच्या कानांमध्ये धरला.

"...बाबांनी सांगितलं मला सगळं, आता तो लागत नाही ते," मुलगी म्हणत होती. "आई, दाबू नकोस ना. खोकून घे नीट. मी आहे फोनवर."

काकू खोकल्या. अगदी पोटापासून, लाज न धरता. बराच वेळ. पलीकडे मुलगी थांबली होती.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं."

"मग ये आता. हिला आजी हवीये, आणि मलाही."

काकूंनी फोन ठेवला आणि टेबलावर डोकं टेकून लहान मुलासारख्या रडल्या.

त्या संध्याकाळच्या गाडीने गेल्या. त्यांचे उरलेले फोन मी केले.