गारव्यातल्या माश्या

त्या हिवाळ्यात माझ्या संशोधनातल्या माश्या आमच्या मुकुंदवाडीच्या दोन खोल्यांत राहायला आल्या. पिकल्या केळ्यावर घोंघावतात त्याच, लाल डोळ्यांच्या, चिलटाएवढ्या. विद्यापीठातलं थंड कपाट बिघडलं होतं आणि दुरुस्तीवाला रोज उद्यावर ढकलत होता. आमच्या मागच्या रिकाम्या खोलीत मात्र खिडकी अर्धी उघडी ठेवली की थर्मामीटर सोळावर राहायचा. मला तेवढाच गारवा हवा होता.

माशीचं गणित साधं आहे. उबेत ती झपाट्यानं जगते, उडते, अंडी घालते आणि लवकर म्हातारी होते. गारव्यात तीच माशी रेंगाळत रेंगाळत कितीतरी जास्त दिवस काढते. ज्या हवेवर जीव जगतो तीच त्याला आतून गंजवत असते, आणि उबेत हा गंज घाईनं चढतो. उबेतला गट विद्यापीठात होता, गारव्यातला माझ्या घरी. या दोघांच्या फरकावर माझी पीएचडी उभी होती. घरचा गट बुडाला असता तर तीन वर्षं पाण्यात गेली असती.

सकाळी मी चहा घेऊन बाटल्यांसमोर बसायचे. कापसाच्या बोळ्यांखाली माश्या काच चढायच्या आणि मध्येच थांबायच्या, कुठं निघालो होतो ते विसरल्यासारख्या. धुरकट उजेड आत यायचा. स्टेशनातून पॅसेंजर सुटली की बाटल्या बारीक थरथरायच्या. मला वाटायचं, या खोलीत वेळ येतच नाही, इथं कुणी म्हातारं होणार नाही.

"लोक माश्या हाकलत्यात, माझी लेक पाळती," आई दारातून म्हणायची.

आई मेंढरांमागं वाढली, बारा महिने उन्हात. पन्नाशीतच तिचे हात सत्तरीचे झाले होते आणि थंडीत छाती घरघरायची. तिच्याकडं बघताना मला तो गंज आठवायचा, मग माझाच राग यायचा.

पंधरा दिवसांत गारव्यातल्या माश्या पटापट मरू लागल्या. गाईड म्हणाले, खाणं तपासा. मी मक्याचं पीठ बदललं, गूळ बदलला, नव्यानं शिजवलं. काही फरक पडेना. एका दुपारी वैतागून लवकर घरी आले, तर गच्चीवर घोंगडीत माझ्या बाटल्या मांडलेल्या, आणि शेजारी आई डोळे मिटून ऊन खात बसलेली.

"गारठून बसल्या व्हत्या गं," ती म्हणाली. "तू गेली की रोज आणते वर. थंडीत कोकरू जलमलं की असंच करत्यात. बघ की, कशा खेळायल्यात."

खरंच खेळत होत्या. इतक्या सुंदर मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आणि मग माझं डोकं फिरलं. मी तिला नको नको ते बोलले, अडाणी म्हणाले. "आजपासून बाटलीला हात लावायचा नाही. ती खोली गार राहिली पाहिजे, बास!"

आई उठून खाली गेली.

घोंगडीत न मावल्यामुळं एकच बाटली रोज खोलीत राहिली होती. तेवढीच आता धड होती. गाईड म्हणाले, हिच्यावरही काहीतरी लिहिता येईल, फक्त ही जपा.

दोन दिवसांनी सकाळी जाग आली, तर आई शेजारच्या अंथरुणात नव्हती. ती मागच्या खोलीत बाटलीजवळ भिंतीला टेकून बसली होती. काहीही न पांघरता. ओठ काळेनिळे पडलेले, छातीची घरघर दारापर्यंत ऐकू येत होती.

"अगं, इथं काय करतेस?"

"उंदीर बोळा वढीत व्हता. हात लावायचा नाय म्हणलीस, म्हणून राखण करत बसले."

"मग पांघरायचं तरी!"

"खोली गार ऱ्हायली पायजे म्हणलीस ना. पांघरुणाची ऊब लागली असती त्यांना."

थर्मामीटर बरोबर सोळावर होता. मी धाडकन खिडकी लावली, दोन्ही अंथरुणं ओढत आणली, तिला त्यात गुंडाळलं आणि तिचे हात माझ्या काखेत धरून बसले. आम्ही दोघी रडत होतो. ऊन वर आलं, खोली तापत गेली.

बाटली उचलून बाहेर गार सावलीत ठेवता आली असती. मला ती आठवलीच नाही.