तिसरी पोळी

चारूकाकूला माफ करणं जमत नसे, आणि ती ते लपवतही नसे. संध्याकाळी देवापुढे हात जोडून "बाकी काही नको, पण मले विसर पडू देऊ नको" असं मागणारी मी पाहिलेली ती एकच बाई. मी तिच्या दिराची मुलगी, बेबी. तिच्या हाताखाली वाढले, त्यामुळे तिचा हा गुण थोडा माझ्यातही उतरला आहे.

अकोल्याच्या जुन्या शहरात आमच्या ओळखीत कोणाचंही लग्न निघालं की जानोसा काकूनंच सांभाळायचा, हे ठरलेलं. जानोसा म्हणजे नवऱ्याकडची मंडळी उतरतात ती जागा. कोणाला कोमट पाणी लागतं, कोण कशावरून रुसणार आहे, हे तिला मंडळी टांग्यातून उतरतानाच कळे.

तिचा नवरा, आमचे कमलाकांतकाका, वामनराव वकिलांकडे कारकून होते. अंगानं काडी, पण जेवणावर फार जीव. पंगतीत हात पुढे करून ते "येऊ द्या अजून एक" म्हणाले की वाढणारीला आपल्या हाताचं चीज झाल्यासारखं वाटे. आमच्याकडे मागून खाणं म्हणजे करणारीचं कौतुक.

छप्पन सालच्या मे महिन्यात दोघं समुद्र पाहायला गेले. तोवर काकूनं पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे कौंडण्यपूरच्या यात्रेतली वर्धा नदी. कोकणातल्या 'सागर-विश्राम' नावाच्या एका स्वस्तातल्या उन्हाळी शिबिराचं पत्रक कचेरीत आलं होतं. त्यावर माडांची रांग आणि आरामखुर्चीत बसलेलं जोडपं. काकूनं ते पत्रक महिनाभर पोथीत ठेवलं होतं.

दोन दिवस प्रवास करून पोचले तर पत्र्याच्या दोन बराकी, मागे सुकत घातलेली मासळी आणि माणशी एक बादली मचूळ पाणी. समुद्र होता, पण ओहोटी लागली की इतका लांब जाई की मधे नुसता चिखल. आरामखुर्चीही होती, तिच्यात अच्युतराव बसत. अच्युतराव म्हणजे शिबिराचे व्यवस्थापक. गळ्यात शिट्टी. ती वाजली की उठायचं, वाजली की जेवायचं.

एवढं काकूनं चालवून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पंगत बसली. पानाला दोन पोळ्या, कागदासारख्या. त्या संपल्या तेव्हा काकांनी सवयीनं हात पुढे केला आणि हसून म्हणाले, "येऊ द्या अजून एक."

अच्युतराव खुर्चीतूनच वाढप्याला म्हणाले, "वाढा हो त्यांना. वऱ्हाडातनं आलेत, घरी मिळत नसेल."

चाळीस माणसं हसली. काकांनी हात मागे घेतला. पोळी पानात पडली, ती तशीच ठेवून ते उठले. बायकांच्या रांगेतून काकूनं हे पाहिलं. उरलेले दिवस ती बराकीत भिंतीकडे तोंड करून बसली आणि समुद्राकडे एकदाही गेली नाही.

त्यानंतर काकांनी कुठेच काही मागितलं नाही. घरीसुद्धा दोन पोळ्या झाल्या की "पुरे" म्हणून उठायचे. काकू वेगवेगळं करून पाही, भरली वांगी, ताकाची कढी. काका म्हणायचे, "छान झालं," आणि हात धुवायला जायचे. एका मिजासखोर माणसानं माझ्या काकांचं जेवण कायमचं अर्धं करून टाकलं होतं. मला आजही त्याचा राग येतो.

पासष्ट साली वामनरावांच्या मुलीचं, शकुनचं लग्न निघालं. नवरा अमरावतीचा, आजोळ मात्र कोकणातलं. जानोशात टांगे येऊन थांबले, आणि पहिल्याच टांग्यातून नवरदेवाचे मामा उतरले. शिट्टी नव्हती, पण "चला, चला, सामान उतरवा" हा आवाज तोच. अच्युतरावांनी काकूला ओळखलं नाही. काकूनं मात्र पदर खोचला आणि मला म्हणाली, "बेबी, अक्षता पडू दे. पोरीचं सुखरूप होऊ दे. मग पाहतो मी."

काकांना ती काही बोलली नाही. मामा रुसले असते तर वामनराव तोंडावर पडले असते आणि काकांची नोकरीही गेली असती. तेव्हा रुसायला जागाच राहणार नाही असं काहीतरी तिला हवं होतं.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पुरणाचं जेवण होतं. आमच्याकडची पुरणपोळी जाड, पुरणानं ठासून भरलेली, वर तुपाची वाटी. मामांनी दोन खाल्ल्या आणि पानावर हात आडवा धरला. काकूनं हाताच्या कडेनं तिसरी सरकवली.

"वाढू द्या हो," ती सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाली. "परगावाहून आले, घरी मिळत नसंन."

पंगत हसली. आग्रह म्हटल्यावर नवऱ्याकडचेही सामील झाले. चौथी, पाचवी, सहावी. अन्न टाकून उठणं म्हणजे व्याह्यांचा अपमान, हे मामांनाही ठाऊक होतं. सातवीला त्यांनी घाम पुसत वर पाहिलं.

"आपण... कोकणात..."

"पत्र्याच्या बराकीत," काकू म्हणाली. "जेवा."

"चुकलं माझं, बाई," ते पुटपुटले.

"मोठ्यानं बोला. तवा चाळीस जणायनं ऐकलं होतं."

मामांनी शेजारच्या व्याह्यांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. काकूनं आठवी वाढली. तिच्या चेहऱ्यावर असा आनंद मी आधी कधी पाहिला नव्हता, आणि मलाही तो झाला.

तेवढ्यात समोरच्या ओळीतून काका बोलले. "चारू, त्याले राहू दे आता. इकडं ये." त्यांनी हात पुढे केला होता. "मले येऊ दे अजून एक."

नऊ वर्षांनी. काकूनं त्यांच्या पानात एकदम दोन टाकल्या आणि परात हातात धरून भर पंगतीत रडली.

संध्याकाळी मंडळी निघाली, तेव्हा शिदोरीचे डबे आम्ही दोघींनी भरले. प्रत्येकाच्या डब्यात वीस-वीस पुऱ्या. मामांचा डबा काकूनं स्वतः घेतला आणि त्यात दोन पोळ्या ठेवल्या, कागदासारख्या.

"काकू, वाटेत भूक लागंन त्याईले," मी म्हटलं.

"मंग मागू दे न," काकू म्हणाली, आणि तिनं झाकण लावलं.