पोळीभाजी केंद्रातला प्रेरणादायी स्पीकर

माझ्या बायकोच्या पोळीभाजी केंद्रातल्या पोळ्या लाटणाऱ्या दोन्ही बायका एकाच सोमवारी काम सोडून गेल्या, आणि जाताना दोघींनी माझे मनापासून आभार मानले.

हे केंद्र वाघोलीत आहे. सुनंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, ते दोन वर्षांपूर्वी एका गाळ्यात सुरू केलं. मी तिथून दहा मिनिटांवरच्या एका कॉलेजच्या कार्यालयात कारकून आहे. सगळं ठीक चाललं होतं. मग रस्त्याच्या पलीकडे दुसरं केंद्र उघडलं. त्यांच्याकडे रंगीत दिवे होते, टोप्या घातलेली माणसं होती, आणि पोळी चांदीच्या कागदात गुंडाळून मिळायची. आमची गर्दी हळूहळू रस्ता ओलांडून गेली. एका दुपारी उरलेल्या पोळ्यांच्या चवडीकडे बघत सुनंदा म्हणाली, "एक महिना बघते. नाहीतर शटर ओढते."

मी हादरलो. गावी मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की माझी बायको उद्योजिका आहे. शिवाय सुनंदा हार मानेल हे मला पटतच नव्हतं. आणि खचलेल्या माणसाला उभं कसं करायचं, हे मला चांगलं माहीत होतं. गोष्टी सांगून. आमच्या तालुक्याच्या शाळेत हेडमास्तर दर शनिवारी थोर माणसांच्या गोष्टी सांगायचे. अमका दिव्याखाली शिकला, तमका उपाशी शिकला. त्या ऐकून ऐकून मी बी.कॉम. झालो, आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. (मीही दिव्याखालीच शिकलो. आमच्याकडे वीज होती.) त्या गोष्टींचे उपकार मी आजही विसरलेलो नाही.

म्हणून मी आधी एका मोठ्या उद्योगपतीचं चरित्र आणलं. सुनंदाने ते प्रामाणिकपणे अर्धं वाचलं.

"हे तीन वर्षं गॅरेजात राहिले आणि कंपनी उभी केली," ती म्हणाली.

"बघ की. केवढी जिद्द!"

"तीन वर्षं त्यांना जेवायला कोण देत होतं?"

मी पानं चाळली. ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"बघा. पोळीभाजीवाल्याचा उल्लेखसुद्धा नाही," असं म्हणून तिने पुस्तक मिटलं.

मग मी व्हिडिओ पाठवायला लागलो. कॉलेजात काम कमी असलं की एखाद्या यशस्वी माणसाचा व्हिडिओ तिच्या फोनवर. एका सकाळी अकरा पाठवले. त्या दिवशी संध्याकाळी तिने फोन माझ्यासमोर धरला. सातव्या आणि आठव्या व्हिडिओच्या मध्ये एका ऑफिसची ऑर्डर होती. चाळीस पोळ्या, दुपारी एक वाजता.

"हा माणूस जेवायला मागत होता," ती म्हणाली. "तुमच्या प्रेरणेखाली दबला बिचारा."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की बघण्यात तिचा वेळ जातो, ऐकण्यात जाणार नाही. मी एक स्पीकर आणला आणि केंद्रात आतल्या बाजूला, तव्याच्या वर खिळ्याला टांगला. त्यावर उद्योजकांच्या कहाण्यांची मालिका सकाळी आठपासून दुपारी दोनपर्यंत लावून ठेवली. सांगणाऱ्याचा आवाज अतिशय भारदस्त होता. "तो हरला," तो म्हणायचा. मग जरा थांबायचा. "पण थांबला नाही."

यात माझी एक बारीकशी चूक झाली. सुनंदा पुढे काउंटरवर असते. काउंटर आणि तवा यांच्यामध्ये धूर बाहेर फेकणारा पंखा आहे, आणि त्याचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा आहे. पंखा चालू असला की सुनंदाला एक शब्द ऐकू येत नव्हता. शब्द न् शब्द ऐकू येत होता तो आत पोळ्या लाटणाऱ्या मंगलताई आणि शोभाताईंना.

मंगलताई यवतमाळकडच्या, नवऱ्याबरोबर इकडे आलेल्या. शोभाताई वाघोलीच्याच, रस्ता दोन पदरी होता तेव्हापासूनच्या. पहिले चार दिवस दोघींनी स्पीकरकडे लक्ष दिलं नाही. पाचव्या दिवशी मी दुपारच्या सुट्टीत डबा न्यायला गेलो, तर मंगलताईंनी लाटणं थांबवून विचारलं, "दादा, त्यानं नोकरी सोडली तवा त्याचं लगन झालं होतं का जी?"

"झालं होतं. दोन मुलं होती."

"अन् बायको काही बोलली नाही?"

"ते सांगितलेलं नाही."

"बोलली असंल," शोभाताई म्हणाल्या. "ते कापून टाकलं असंल."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! कुणीतरी ऐकत होतं. कुणाला तरी शंका येत होत्या. मी रोज डबा न्यायला पंधरा मिनिटं आधी जायला लागलो. पोळपाटावरच्या पिठात बोटाने आकृत्या काढून समजावून सांगायला लागलो. ऑर्डर तोंडी घ्यायची नाही, लेखी घ्यायची. घाईच्या कामाचा दर वेगळा. ओळखीच्या माणसाला पहिल्याच दिवशी सवलत देऊन बसायचं नाही. दोघी माना डोलवत होत्या, आणि मला आमच्या हेडमास्तरांची आठवण होऊन भरून येत होतं.

पुढे काउंटरवर मात्र साने काका अस्वस्थ होते. काका सगळं आयुष्य सदाशिव पेठेत काढून म्हातारपणी मुलीकडे वाघोलीत राहायला आले होते, आणि त्याबद्दल त्यांनी वाघोलीला अजून माफ केलेलं नव्हतं. ते रोज सहा पोळ्या न्यायचे. क्वचित पंखा बंद असला की त्यांना स्पीकर ऐकू यायचा.

"हा गृहस्थ रोज हरतो का हो?" त्यांनी मला विचारलं.

"काका, शेवटी जिंकतो."

"मग शेवटापासून लावा. मला फक्त सहा पोळ्या हव्या आहेत."

तिसऱ्या आठवड्यात मंगलताईंनी मला एक फॉर्म दिला. "दादा, एवढा भरून द्या ना."

आता इथे थोडं स्पष्टीकरण द्यायला हवं. घराण्यातला पहिला पदवीधर झालं की गावभरचे फॉर्म आपल्याकडे येतात. मी रेशनकार्डाचे भरले, पेन्शनचे भरले, एका गृहस्थांचा तर दुसऱ्या लग्नासाठी वधू-वर मंडळाचाही भरला. फॉर्म भरणाऱ्याने फॉर्म भरायचा, चौकशा करायच्या नाहीत, ही माझी वीस वर्षांची शिस्त आहे. मंगलताईंचा फॉर्म खाद्यपदार्थांच्या परवान्याचा होता. मी सुवाच्य अक्षरात भरला. व्यवसायाचं स्वरूप: पोळीभाजी. अनुभव: दोन वर्षे. कुठे: सुनंदा पोळीभाजी केंद्र, वाघोली. भागीदार: शोभाताई. 'व्यवसायाचे नाव' या रकान्यापाशी मंगलताई अडल्या, तर 'भरारी' हे नावही मीच सुचवलं. सगळा फॉर्म भरून झाल्यावर मी तो पुन्हा एकदा वाचला, आणि (हे मी शपथेवर सांगतो) माझ्या मनात फक्त एकच विचार आला, की अक्षर छान आलंय.

त्याच सुमारास एक चांगली गोष्ट घडली. जवळच्या एका सोसायटीच्या स्नेहभोजनाची ऑर्डर सुनंदाला मिळाली. पुढच्या आठवड्यातल्या रविवारी दुपारी, चारशे घडीच्या पोळ्या आणि दोन भाज्या. एवढी मोठी ऑर्डर आम्हाला कधीच आलेली नव्हती.

"ही नीट गेली तर केंद्र चालू ठेवते," सुनंदा म्हणाली. "नाही गेली, तर दुसऱ्याच दिवशी गाळा रिकामा."

हे तिने शनिवारी सांगितलं. सोमवारी सकाळी मंगलताई आणि शोभाताई पेढ्यांचा पुडा घेऊन आल्या. नव्या साड्या नेसलेल्या.

"वहिनी, आमी आमचं स्वतःचं काढलं," मंगलताई म्हणाल्या. "मागच्याच गल्लीत."

"दादांमुळं झालं," शोभाताई म्हणाल्या, आणि वाकून माझ्या पायाला हात लावायला लागल्या. मी मागे सरकलो. मागे कणकेची परात होती.

परातीतून मी उठलो तेव्हा सुनंदा माझ्याकडे बघत होती.

आपण केलेलं आपणच निस्तरायचं, म्हणून मी कॉलेजातून रजा काढली आणि स्वतः लाटायला बसलो. घडीची पोळी म्हणजे काय, हे मी चाळीस वर्षं खाऊनही मला कळलेलं नव्हतं. आत तेल लावून घडी घालायची, ती पुन्हा लाटायची, मग ती तव्यावर फुगते. माझी फुगत नव्हती. ती तव्यावर नुसती पडून राहायची, विचार करत. आकार नीट यावा म्हणून मी डब्याच्या झाकणाने कापून गोल केली. पहिल्या सहा साने काकांना दिल्या. दुसऱ्या दिवशी ते आले.

"पोळी गोल होती," काका म्हणाले. "तिच्याबद्दल आणखी बोलायला लावू नका."

बुधवारी आम्हाला एक नवी बाई मिळाली. हात इतका सफाईदार, की सुनंदाच्या चेहऱ्यावर सोमवारनंतर पहिल्यांदाच जरा रंग आला. ती दहा वाजता आत गेली. एक वाजता हात पुसत बाहेर आली.

"ताई, मी जाते. माझ्या बहिणीचा शिलाईचा धंदा पडून आहे, तो आम्ही दोघी मिळून परत सुरू करतो. मनात होतंच माझ्या. आज नक्की झालं."

बाहेर येताना तिने पंखा बंद केला होता, आणि आतून भारदस्त आवाज येत होता. "तो हरला..."

सुनंदा उठली. आत गेली. "पण थां" एवढंच ऐकू आलं. मग ती स्पीकर खिळ्यावरून काढून, वायर गुंडाळून घेऊन आली आणि माझ्या हातात दिला.

"अहो," ती म्हणाली, "चपला घाला. आपण मागच्या गल्लीत जातोय."

'भरारी'चा गाळा आमच्यापेक्षा लहान होता, पण लख्ख होता. मंगलताईंनी आम्हाला स्टुलांवर बसवलं. सुनंदाने आडपडदा न ठेवता सांगितलं, "रविवारी चारशे पोळ्या आहेत. मी भाज्या करते आणि शंभर लाटते. तीनशे तुम्ही द्या."

दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

"देऊ की," शोभाताई म्हणाल्या. "पण ऑर्डर लेखी द्यावी लागंल वहिनी. तोंडी घेत न्हाय आमी."

"बरं. आणि दर नेहमीचाच ना?"

"घाईचं काम हाय. दर येगळा."

"अगं, आपली ओळख आहे ना."

"वळख हाय म्हणून तर," शोभाताई खाली बघत म्हणाल्या. "पयल्याच दिवशी सवलत दिली की बसलं."

"हे सगळं तुम्हाला शिकवलं कुणी?"

दोघींनी अत्यंत आदराने माझ्याकडे बोट केलं. मी भिंतीवर परवान्याशेजारी लावलेली फॉर्मची प्रत वाचायला लागलो. अक्षर खरंच छान आलं होतं. सुनंदाही तेच बघत होती. आमच्या लग्नाला सोळा वर्षं झाली आहेत. ती माझं अक्षर ओळखते.

"हा फॉर्म..." ती म्हणाली.

"दादांनीच भरून देल्ला," मंगलताई म्हणाल्या. "नाव पण त्यायनच सुचवलं."

मला वाटलं, आता आपलं काही खरं नाही. पण सुनंदाने डोळे मिटून एक लांब श्वास घेतला आणि विचारलं, "एक सांगा. त्या स्पीकरवरच्या माणसाचं ऐकून तुम्ही माझं काम सोडलंत?"

"त्याचं काय ऐकाचं वहिनी," मंगलताई म्हणाल्या. "तो कुठला, काय खाते, कुठं रायते, आमाले काय ठाऊक. तुमाले तर रोज पायत होतो ना. मागच्या वर्षी गाळ्यात पानी शिरलं. तुमी पाटावर उभं राहून पोळ्या लाटल्या, अन् एकाचा पन डबा चुकला नाही. मी घरी जाऊन नवऱ्याले म्हनलं, हे बाई करते तर आपुन काहून नाही?"

"त्यो बाबा नुसता निमित्त," शोभाताई म्हणाल्या. "तुमी बंद करायचं म्हनताय, आसं दादा सांगत हुते. खरं हाय का? मग आमी कुनाकडं बगायचं?"

सुनंदाने पदराने तोंड पुसलं, पर्समधून पेन काढलं आणि ऑर्डर लेखी लिहून दिली. घाईच्या दराने.

रविवारी चारशे पोळ्या वेळेवर गेल्या. (त्यात माझी एकही नव्हती, ही अट सोसायटीने घातलेली नव्हती, सुनंदाने घातली होती.) सोसायटीने पुढच्या महिन्याचं जेवणही सांगितलं. सोमवारी सकाळी सात वाजता सुनंदाने शटर वर केलं. पलीकडच्या चांदीच्या कागदाकडे तिने नुसतं एकदा बघितलं आणि पंखा सुरू केला.

यानंतर काही महिन्यांनी आमच्या कॉलेजातली एक विद्यार्थिनी माईक घेऊन केंद्रात आली. परिसरातल्या उद्योजिकांच्या मुलाखतींची मालिका ती करत होती, लोकांनी इंटरनेटवर ऐकायची. सुनंदा आधी लाजली, मग मोकळी झाली. मी तव्यापाशी कान देऊन उभा होतो. पंखा मी स्वतः बंद केला होता.

"मॅम, तुमच्या या प्रवासात सगळ्यात मोठा अडथळा कोणता आला?" मुलीने विचारलं.

सुनंदाने क्षणभर विचार केला. मग माझं नाव सांगितलं. माझं, माझ्या वडिलांचं आणि आडनाव. पुढे जे तपशील दिले ते दिलेच, आणि दर वेळी पूर्ण नाव घेऊन दिले, म्हणजे ऐकणाऱ्याचा गोंधळ नको.

मुलाखत आल्यावर मी ती गावी सगळ्यांना पाठवली. काही झालं तरी माझ्या बायकोची मुलाखत होती. तासाभरात वडिलांचा फोन आला. एसटी डेपोत मेकॅनिक होते ते. आवाज भरून आला होता.

"ऐकलं रे. सूनबाईनं तुझं नाव घेतलं. माझं पण आलं की त्यात!"

"अण्णा," मी म्हणालो, "ते अडथळा म्हणून आलंय."

"असू दे," अण्णा म्हणाले. "तीनदा आलंय. तुझ्या आईनं मोजलं."